रंग उतरला, पाण्याचे काय?

ठाणे जिल्ह्यातील आणि त्यालगतच्या औद्योगिक पट्ट्यातील प्रदूषणाची बातमी होते ती बहुधा रंगामुळे. जानेवारी २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला, तेव्हा त्याची चर्चा देशभर झाली. ऑगस्ट २०१७ मध्ये रायगड जिल्ह्यातील तळोजा औद्योगिक वसाहतीत निळे झालेले भटके कुत्रे आढळले आणि त्यांची छायाचित्रे परदेशी वृत्तपत्रांतही छापून आली. फेब्रुवारी २०२० मध्ये डोंबिवलीचा रस्ता गुलाबी झाला, तेव्हा तो पाहण्यासाठी तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना जातीने यावे लागले. या तिन्ही घटनांच्या आधी आणि नंतर याच परिसरातील नाल्यांतून रंगहीन आम्ले, क्षार आणि द्रावके वाहतच होती. पण त्यांची छायाचित्रे निघत नाहीत. डोळ्यांना दिसेल तेवढेच प्रदूषण, हा आपला अलिखित निकष झाला आहे.

हा निकष मनात ठेवून रंगीत सांडपाण्यावरील एका बहुचर्चित उपायाकडे पाहायला हवे. प्रकाशाच्या साह्याने रंगद्रव्याचे रेणू तोडणारे आणि काम संपल्यावर लोहचुंबकाने पाण्यातून गोळा करता येणारे अब्जांश कण, म्हणजेच चुंबकीय प्रकाश-उत्प्रेरक नॅनो कण, हा तो उपाय. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्यावर जगभर शोधनिबंधांचा पूर आला आहे. महाराष्ट्रातील विद्यापीठे आणि महाविद्यालयेही त्यात मागे नाहीत. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आणि छत्रपती संभाजीनगरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ येथे फेराइट या चुंबकीय पदार्थांच्या संशोधनाची जुनी परंपरा आहे, आणि या कणांच्या गाभ्याशी असते ते फेराइटच. प्रश्न असा की, प्रयोगशाळेच्या चंचुपात्रात दहा-पंधरा मिनिटांत निळे पाणी नितळ करून दाखवणारी ही विद्या एखाद्या खऱ्या नदीच्या काठी किती उपयोगी पडेल?

नदी म्हणून उदाहरण घ्यायचे तर भातसाचे घ्यावे, आणि ठिकाण म्हणून सापगावचे. शहापूरहून मुरबाडकडे जाताना भातसा ओलांडावी लागते, ती सापगावपाशी. सापगाव हे काही रंगाच्या कारखान्यांचे गाव नव्हे. त्याचे महत्त्व वेगळे आहे. मुंबई महानगरपालिकेला पाणी पुरवणाऱ्या सात जलाशयांची एकत्रित उपयुक्त साठवण सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर आहे आणि त्यातील ७ लाख १७ हजार दशलक्ष लिटर, म्हणजे जवळजवळ निम्मे, एकट्या भातसाचे. हे पाणी धरणापासून मुंबईपर्यंत नळातून जात असेल, असे अनेक मुंबईकरांना वाटते. वस्तुस्थिती अशी की, धरणातून सोडलेले पाणी नदीच्या उघड्या पात्रातून वाहत भिवंडी तालुक्यातील पिसे बंधाऱ्यापर्यंत जाते आणि तेथे ते उचलून शुद्धीकरणासाठी पांजरापूरला नेले जाते. धरण आणि पिसे यांमध्ये जवळपास ५० किलोमीटरचे पात्र आहे. सापगाव, वासिंद, खडवली हा सारा भाग त्याच पात्राच्या काठाचा. तेव्हा सापगावच्या पुलाखालून जे वाहते, ते काही दिवसांत मुंबईच्या पेल्यात असते. याच शहापूर तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हा विरोधाभास सर्वांना ठाऊक आहे आणि त्याची सवयही झाली आहे.

शेजारच्या खोऱ्यात काय घडले, ते आठवले म्हणजे या पात्राची काळजी का वाटावी हे कळते. वालधुनी ही उल्हासची उपनदी अंबरनाथ-उल्हासनगरमधून वाहते. उल्हासनगरात जीन्स शिवण्याचा आणि धुण्याचा मोठा व्यवसाय उभा राहिला आणि त्या धुलाईचे निळे पाणी प्रक्रियेविना वालधुनीत जात राहिले. उल्हास खोऱ्यातील प्रदूषणाविरुद्ध ‘वनशक्ती’ ही संस्था २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेली. जुलै २०१५ मध्ये न्यायाधिकरणाने स्थानिक संस्था, औद्योगिक विकास महामंडळ आणि सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे यांच्यावर मिळून सुमारे ९५ कोटी रुपयांची भरपाई बसवली. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१८ च्या सुमारास उल्हासनगरातील जीन्स धुलाई कारखान्यांची वीज आणि पाणी तोडण्यात आले. परंतु धंद्याची मागणी कायम असली की, धंदा बंद होत नाही. तो जागा बदलतो. पुढील वर्षांत कल्याण-अंबरनाथच्या ग्रामीण पट्ट्यात अशाच बेकायदा धुलाई कारखान्यांवर कारवाई झाल्याच्या बातम्या येत राहिल्या. जमीन स्वस्त, पाणी मुबलक आणि तपासनीस दूर, अशी जागा शोधत हा व्यवसाय सरकत असेल, तर शहापूर आणि मुरबाडच्या नद्यांनी निर्धास्त राहण्याचे कारण नाही.

आता या कणांकडे वळू. १९७२ मध्ये अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या विद्युतअग्रावर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन करता येते, हे दाखवून दिले. टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगात आणि टूथपेस्टमध्ये असते तेच द्रव्य. त्यावर पुरेशा ऊर्जेचा प्रकाशकण आदळला की, एक इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर उडी घेतो आणि त्याच्या मागे एक धन पोकळी उरते. हा इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूला जाऊन मिळतो. पोकळी पाण्याच्या रेणूकडून इलेक्ट्रॉन हिसकावते. या झटापटीत हायड्रॉक्सिल मूलक निर्माण होतो. रसायनशास्त्राला ज्ञात असलेल्या सर्वांत आक्रमक ऑक्सिडीकारकांपैकी तो एक. समोर येईल त्या सेंद्रिय रेणूवर तो तुटून पडतो, आणि पुरेसा वेळ मिळाला तर त्याचे रूपांतर कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि साध्या क्षारांत होते. यात कोणतेही महागडे रसायन सतत घालावे लागत नाही, गाळ उरत नाही आणि सूर्यप्रकाश फुकट आहे. कागदावर याहून चांगले काही सुचवणे कठीण.

अडचण दोन ठिकाणी येते. पहिली प्रकाशाची. टायटॅनियम डायऑक्साइडला जागे करायला ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्टची ऊर्जा लागते, म्हणजे अतिनील प्रकाश लागतो. आणि जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्यप्रकाशात अतिनील भाग जेमतेम चार-पाच टक्के असतो. दुसरी अडचण कणांच्या आकाराची. उत्प्रेरकाचा पृष्ठभाग जितका मोठा तितके काम अधिक, म्हणून कण बारीक करावे लागतात. पण २०-३० नॅनोमीटरचा कण पाण्यात तळाशी बसत नाही आणि साध्या गाळणीतून सरळ निघून जातो. पाणी स्वच्छ करायला घातलेली पूड पाण्यातून परत काढायची कशी, या प्रश्नावर अनेक चांगल्या कल्पना अडल्या.

येथे चुंबकाची युक्ती आली. गाभ्यात मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचा काळा चुंबकीय ऑक्साइड, आणि त्याभोवती प्रकाश-उत्प्रेरकाचे कवच, अशी रचना केली तर काम झाल्यावर भांड्याच्या बाजूला लोहचुंबक धरून सगळी पूड एका कडेला ओढता येते. मॅग्नेटाइटचा कण साधारण २० नॅनोमीटरहून लहान असला तर तो अतिअनुचुंबकी होतो: चुंबक जवळ आणला की आकर्षित होतो, दूर नेला की त्याचे चुंबकत्व नाहीसे होते. त्यामुळे कण एकमेकांना कायमचे चिकटून बसत नाहीत आणि पुढच्या फेरीसाठी पुन्हा पाण्यात पसरतात.

हे कण बनवणे आश्चर्य वाटावे इतके सोपे आहे आणि म्हणूनच लहान महाविद्यालयांतही त्यावर काम होऊ शकते. फेरिक आणि फेरस क्षारांचे दोनास एक या प्रमाणातील द्रावण ढवळत, प्राणवायू दूर ठेवून, त्यात अमोनिया किंवा कॉस्टिक सोडा घातला की क्षणार्धात काळा साका उतरतो. तोच मॅग्नेटाइट. फ्रान्समधील रेने मासार यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेली ही सहअवक्षेपणाची रीत आजही सर्वाधिक वापरात आहे. दुसरी रीत आपल्याकडील फेराइटवाल्यांच्या विशेष आवडीची. लोह आणि जस्त, कोबाल्ट किंवा निकेल यांची नायट्रेटे सायट्रिक आम्लात विरघळवून द्रावण आटवत न्यायचे. त्याचा घट्ट लगदा होतो, आणखी तापवल्यावर तो स्वतःच पेट घेतो आणि पाहता पाहता फुललेल्या राखेसारखी पूड मागे उरते. ती भट्टीत चार-सहाशे अंश सेल्सियसला भाजली की फेराइट तयार. या फेराइटांपैकी जस्ताचे फेराइट दृश्य प्रकाशही शोषते, त्यामुळे सूर्यप्रकाशाचा मोठा भाग कामी लागेल अशी आशा निर्माण झाली.

मात्र गाभा आणि कवच यांचे नेहमीच जमते असे नाही. टायटॅनियम डायऑक्साइडचे कवच थेट मॅग्नेटाइटवर चढवले तर प्रकाशाने निर्माण झालेले इलेक्ट्रॉन आणि पोकळ्या गाभ्यातच शिरतात. त्यामुळे उत्प्रेरकाचे काम मंदावते आणि वर गाभ्यातील लोह विरघळू लागते. ऑस्ट्रेलियातील बेयडून, अमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये हे स्पष्टपणे दाखवले. उपाय म्हणून दोहोंच्या मध्ये सिलिकाचा पातळ थर देण्याची पद्धत रूढ झाली. म्हणजे एक गाभा, त्यावर काच, त्यावर उत्प्रेरक. प्रत्येक थरागणिक खर्च वाढतो आणि प्रत्येक थराबरोबर कणातील चुंबकीय द्रव्याचा हिस्सा घटतो, ही बाब निबंधांच्या प्रस्तावनेत सहसा नसते.

आता निबंधांत काय असते ते पाहू. बहुतेक प्रयोग मिथिलीन ब्लू, ऱ्होडामीन किंवा मिथिल ऑरेंज या रंगांवर झालेले असतात. रंग शुद्ध पाण्यात लिटरला दहा-वीस मिलिग्रॅम विरघळवतात, शंभर मिलिलिटर द्रावणात चिमूटभर पूड घालतात, दिवा लावतात आणि ठराविक वेळाने रंगाची तीव्रता मोजतात. तासाभरात ९५ टक्के रंग गेला की निष्कर्ष निघतो. यातील पहिली मेख अशी की, यातला काही रंग तुटलेला नसतो, पुडीच्या पृष्ठभागावर नुसता चिकटलेला असतो. काळजीपूर्वक काम करणारे संशोधक म्हणूनच आधी अंधारात अर्धा तास द्रावण ढवळून घेतात. दुसरी मेख अशी की, मिथिलीन ब्लू आणि ऱ्होडामीन हे स्वतःच दृश्य प्रकाश शोषतात आणि त्यांचे रेणू उत्प्रेरकाला इलेक्ट्रॉन देऊन फुटतात. म्हणजे उत्प्रेरक दृश्य प्रकाशात काम करतो असे वाटते, प्रत्यक्षात काम रंगाच्याच शोषणाने झालेले असते. पाण्यात रंगहीन प्रदूषक असेल तर तोच उत्प्रेरक थंड बसून राहील. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची: रंग जाणे म्हणजे रेणू नष्ट होणे नव्हे.

हा तिसरा मुद्दा थोडा विस्ताराने सांगायला हवा, कारण नदीचा प्रश्न तेथेच गुंतलेला आहे. कापडाला लागणाऱ्या कृत्रिम रंगांपैकी निम्म्याहून अधिक अॅझो वर्गातील आहेत. त्यांच्या रेणूत दोन नायट्रोजन अणूंचा एक दुहेरी पूल असतो आणि रंग दिसतो तो मुख्यतः त्या पुलामुळे. हायड्रॉक्सिल मूलकाचा हल्ला झाला की हा पूल सर्वांत आधी तुटणाऱ्या भागांपैकी असतो. पाणी नितळ दिसते. परंतु पुलाच्या दोन्ही बाजूंची बेंझिन-नॅफ्थॅलिनची कडी पाण्यातच असतात, निरनिराळ्या अर्धवट जळलेल्या अवस्थांत. त्यांचा शेवट लावायला आणखी कितीतरी हल्ले लागतात. काही अॅझो रंगांच्या तुकड्यांतून तयार होणारी सुगंधी अमाइने मूळ रंगापेक्षा घातक असू शकतात, आणि म्हणूनच अशा कित्येक रंगांवर युरोपात आणि भारतातही बंदी आहे.

एक ढोबळ हिशेब मांडून पाहू. ठाणे जिल्ह्यात चौरस मीटरला दिवसाकाठी सरासरी ५ किलोवॉट-तास सूर्यऊर्जा मिळते असे धरू. त्यातील अतिनील भाग चार टक्के, म्हणजे ०.२ किलोवॉट-तास. इतक्या ऊर्जेत सुमारे दोन मोल प्रकाशकण येतात. प्रत्येक शंभर प्रकाशकणांमागे एक उपयुक्त हल्ला होतो असे मानले, आणि हा अंदाज पाण्यात तरंगणाऱ्या पुडीसाठी फार कंजूष नाही, तर दिवसाला चौरस मीटरमागे सुमारे २० मिलिमोल हल्ले हाती लागतात. आता एक लाख लिटर सांडपाणी घ्या. दहा हजार लिटरचे दहा टँकर. त्यात लिटरला ५० मिलिग्रॅम रंग आहे आणि एका रेणूचा रंग उतरवायला पाच हल्ले लागतात असे धरले, तर सुमारे २२ ते २५ गुंठे उथळ कुंडांत हे काम दिवसात होईल. शक्य कोटीतील गोष्ट आहे. पण त्याच पाण्याचा रासायनिक प्राणवायू-मागणीचा आकडा लिटरला ५०० मिलिग्रॅम असेल आणि ती सगळी घाण या कणांच्याच बळावर जाळायची असेल, तर जागा लागेल सुमारे ७० एकर. पाण्यात विरघळलेला प्राणवायू यातील बरेच काम उचलतो, म्हणून हा आकडा पाचपटीने खाली आणला, तरी १४ एकर. दहा टँकर पाण्यासाठी! शिवाय कोकणात पावसाळ्याचे चार महिने आकाश झाकलेले असते आणि कारखाना मात्र चालू असतो.

या हिशेबातील गृहीतके कोणी बदलून पाहावीत. पण दोन उत्तरांमधील तफावत कायम राहील. या तंत्राने रंग घालवणे स्वस्त आहे आणि घाण घालवणे महाग. ज्याला केवळ पकडले जाण्यापासून वाचायचे आहे, त्याच्यासाठी ही तफावत सोयीची आहे. नदीकाठच्या गावाला प्रयोगशाळा परवडत नाही, गुणवत्तेचे अहवाल वाचण्याची सवड नसते. त्याच्या हाती पुरावा एकच असतो: आज पाणी निळे आले. मोबाइलवर काढलेले ते छायाचित्र घेऊन तो तलाठ्याकडे, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, वार्ताहराकडे जाऊ शकतो. अर्धवट प्रक्रियेने रंग उतरवून बाकीचे सारे सोडून दिले, तर गावाच्या हातातला तो पुरावा जातो आणि नदीतले विष तेवढेच राहते.

जीन्स धुलाईचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. धुलाईच्या पाण्यात डोळ्यांत भरते ती निळ. पण प्राणवायू खाणारा मोठा ऐवज निळीचा नसून स्टार्चचा असतो. विणताना धाग्याला दिलेली कांजी धुलाईच्या पहिल्या टप्प्यात विकर घालून काढली जाते आणि ती सगळी पाण्यात उतरते. त्यात प्यूमिस दगडाची भुकटी असते, कपडा विटका दिसावा म्हणून मारलेल्या पोटॅशियम परमँगनेटचे अवशेष असतात, डिटर्जंट असते. स्टार्चसाठी कोणताही नॅनो कण नको. साधे जीवाणू ते आनंदाने खातात, फक्त त्यांना टाकी, हवा आणि वेळ लागतो. निळीचे म्हणाल तर ती ऑक्सिडीकृत अवस्थेत पाण्यात विरघळतच नाही. बारीक पटलातून गाळून ती परत मिळवता येते आणि परदेशात मोठ्या गिरण्यांनी तशी ती मिळवलीही आहे. जी वस्तू विकत आणली तिला सूर्यप्रकाशात जाळून टाकण्यासाठी वेगळी महागडी पूड वापरायची, यात फारसे शहाणपण दिसत नाही.

चुंबकाबद्दलही थोडे. चंचुपात्राच्या भिंतीला निओडिमियमचा चुंबक लावला की मिनिटभरात सारी पूड त्याकडे धावते, हे दृश्य मोठे मोहक असते. पण चुंबकाची ओढ अंतराबरोबर फार वेगाने घटते. एक सेंटिमीटरवर जे जमते, ते मीटरभर खोल टाकीत जमत नाही. कणावरील बल त्याच्या आकारमानाच्या प्रमाणात असते, म्हणून १० नॅनोमीटरच्या सुट्या कणावर ते १०० नॅनोमीटरच्या कणाच्या हजारावा भाग इतकेच असते, आणि पाण्याच्या रेणूंचे धक्केच त्याहून भारी ठरतात. व्यवहारात कण गोळा होतात ते त्यांचे पुंजके झालेले असतात म्हणून. मोठ्या प्रमाणावर हे करण्याचा मार्ग नाही असे नव्हे. पोलादी तारांच्या जाळीतून पाणी नेऊन तिला तीव्र चुंबकीय क्षेत्रात ठेवण्याची पद्धत चिनी मातीच्या उद्योगात १९७० च्या दशकापासून रुळलेली आहे. पण प्रयोगशाळेत एका लिटरला एक ग्रॅम पूड वापरतात. त्याच मात्रेने एक लाख लिटरला १०० किलो लागेल. चुंबकाने ९९ टक्के पूड परत आली, तर निबंधात ते मोठे यश ठरेल. उरलेला एक किलो दर खेपेला पाण्याबरोबर जाईल. ती पूड कोबाल्ट फेराइटची असेल, तर तिच्या वजनाचा चौथा हिस्सा कोबाल्टच असतो. पिसे बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला अशी पूड सोडण्याची कल्पना कोणी करू नये. काम करायचेच असेल तर निव्वळ लोह किंवा फार तर जस्त असलेल्या कणांवर करावे. कोबाल्ट आणि निकेलचे फेराइट अधिक आकर्षक आकडे देत असले, तरी ते पिण्याच्या पाण्याच्या नदीसाठी नाहीत.

मिठाचा प्रश्न तर या तंत्राच्या आवाक्याबाहेरचाच आहे. सुती कापड रिअॅक्टिव्ह रंगांनी रंगवताना रंग धाग्यावर चढावा म्हणून लिटरला ३० ते ८० ग्रॅम मीठ घालावे लागते. समुद्राच्या पाण्यात ते साधारण ३५ ग्रॅम असते. हे मीठ कोणत्याही प्रकाशाने तुटत नाही. उलट त्यातील क्लोराइड आणि सोड्यातील कार्बोनेट हायड्रॉक्सिल मूलकांना वाटेतच गिळतात. तामिळनाडूतील तिरुपूर येथे हाच अनुभव आला. नोय्यल नदीचे आणि तिच्यावरील ओरतुपाळयम धरणाचे पाणी शेतीला निरुपयोगी झाले, शेतकरी न्यायालयात गेले आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तेथील शेकडो रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. उद्योग पुन्हा सुरू झाला तो सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर न सोडण्याच्या अटीवर; पटलांतून पाणी गाळायचे, उरलेले आटवायचे, मीठ परत वापरायचे. हे खर्चिक आहे आणि आटवून उरलेल्या मिश्र क्षारांचे ढीग ही तेथील नवी डोकेदुखी आहे. पण तिरुपूरला मार्ग बदलावा लागला तो न्यायालयाने दार बंद केल्यावर, नवीन पदार्थाचा शोध लागला म्हणून नव्हे.

मग हे कण निरुपयोगी आहेत का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. जैविक प्रक्रियेने घाणीचा मोठा वाटा काढून टाकल्यावर जो हट्टी, जीवाणूंना न पचणारा रंग थोड्या प्रमाणात उरतो, त्याच्यासाठी असे ऑक्सिडीकरण खरोखर उपयोगी आहे. स्पेनमधील अल्मेरिया येथील सौर संशोधन केंद्रात अशा प्रकाश-रासायनिक पद्धतींची वर्षानुवर्षे मोठ्या प्रमाणावर चाचणी झाली आहे, आणि तेथील अनुभवही सूर्यप्रकाश व जीवाणू यांची जोडी लावण्याकडे बोट दाखवतो. आपल्याकडे तर या विषयाचे ज्ञान घरचेच आहे. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू झाला तो कापड रसायनाचा अभ्यासक्रम घेऊनच. कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावर जगन्मान्य ग्रंथ लिहिणारे के. वेंकटरामन त्या विभागाचे आणि पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. रंग बनवण्याची विद्या ज्या प्रदेशाने देशाला शिकवली, त्याने रंग मोडण्याची विद्याही नेटाने पुढे न्यावी, ही अपेक्षा गैर नाही. फक्त त्यासाठी मिथिलीन ब्लूची बाटली बाजूला ठेवून भिवंडी, इचलकरंजी किंवा सोलापूरच्या रंगाई कारखान्यातले खरे पाणी, त्यातल्या मिठासह आणि कांजीसह, प्रयोगशाळेत आणावे लागेल. निबंधात रंगाच्या टक्केवारीबरोबर एकूण सेंद्रिय कार्बन किती घटला, दहाव्या फेरीनंतर पाण्यात किती लोह आणि जस्त उतरले, हेही द्यावे लागेल. विद्यापीठांच्या मार्गदर्शकांनी आणि निधी देणाऱ्यांनी एवढा आग्रह धरला, तर निबंधांची संख्या घटेल, पण उरलेले निबंध कारखानदाराला वाचावेसे वाटतील.

दुसरी बाजू नियमांची. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१६ मध्ये कापड उद्योगाच्या सांडपाण्यासाठी काढलेल्या मानकांत रंगाची मर्यादा १५० प्लॅटिनम-कोबाल्ट एकके, जैविक प्राणवायू-मागणी लिटरला ३० मिलिग्रॅम, रासायनिक मागणी २५० आणि विरघळलेले क्षार २१०० मिलिग्रॅम अशा मर्यादा आहेत. कागदावर हे पुरेसे कडक आहे. नद्यांपासून किती अंतरावर कोणता उद्योग असावा हे ठरवणारे राज्याचे नदी नियमन क्षेत्र धोरण मात्र फेब्रुवारी २०१५ मध्ये रद्द करण्यात आले. अस्तित्वात असलेल्या कायद्यांनी प्रदूषण रोखता येते, असा युक्तिवाद त्यावेळी झाला. पिण्याच्या पाण्याच्या नदीकाठी कारखाना आधी येऊच न देणे आणि आल्यावर त्याचे पाणी तपासत बसणे, यातील पहिला मार्ग स्वस्त होता. तो आपण सोडला.

उरते ती तपासणी. राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाचा नद्यांचा गुणवत्ता निर्देशांक चार गोष्टींवरून काढला जातो: आम्ल-अल्कता, विरघळलेला प्राणवायू, जैविक प्राणवायू-मागणी आणि विष्ठाजन्य जीवाणू. मैलापाण्याने बिघडलेल्या नदीसाठी हा निर्देशांक योग्य आहे. अर्धवट तोडलेल्या रंगातील अमाइने, निसटलेल्या पुडीतील धातू किंवा रंगाईचे मीठ यांपैकी काहीही त्यात दिसत नाही; अशा पाण्यालाही तो ‘उत्तम’ ठरवू शकतो. भातसाच्या धरण ते पिसे या टप्प्यात सापगावसारख्या पुलाखाली महिन्यातून एकदा एकूण सेंद्रिय कार्बन, विद्युतवाहकता आणि मोजक्या धातूंची तपासणी झाली, तर त्याचा खर्च मुंबईच्या पाणीपट्टीत जाणवणारही नाही. विद्युतवाहकता मोजणारे यंत्र तर हातात मावते, काही हजारांत मिळते आणि शहापूर-मुरबाडच्या कोणत्याही महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला ते वापरता येते. पावसाळ्यापूर्वी, धरणातून स्वच्छ पाणी सोडलेले असताना घेतलेली वर्षभराची नोंद हाती असली, तर पुढे एखाद्या रात्री रंग न दाखवता कोणी मिठाचे पाणी सोडले, तरी ते आकड्यात उमटेल.